जकार्डच्या माहेरी: फ्रान्सला निघालेल्या चित्रकारांसाठी

सोलापुरातून कुणी चित्रकार फ्रान्सला निघाला की यादी द्यायला गावभर लोक तयार असतात. आयफेल बघा, मोनालिसा बघा, मोंमार्त्रला चित्रं काढणारे बसतात ते बघा. माझी यादी जरा वेगळी आहे, कारण मी चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी डिझाइन काढतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅनव्हास रंगवतो. सोबत दोन चित्रकार मित्र आणि एक कलाशिक्षिका ताई होत्या. फिरून आल्यावर आमचं चौघांचंही एका गोष्टीवर एकमत झालं: सोलापूरकराने पॅरिसच्या आधी ल्यों पाहावं.

ल्यों हे जकार्डचं माहेर. जोझेफ मारी जकार्ड तिथलाच, जन्म १७५२ चा. मागावर पुठ्ठ्यांची साखळी फिरवून नक्षी विणायचं यंत्र त्याने १८०४ च्या सुमारास उभं केलं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, लहानपण गेलेल्या माणसाला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही. भोक असेल तिथे हुक उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो, हुकाबरोबर उभे धागे वर जातात, आणि एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. पण तेच यंत्र लाकडाचं, हाताने चालणारं, रेशमावर काम करताना दिसलं तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो. एरवी आमच्यातलं कुणी ना कुणी बोलतच असतं.

पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून वेगवान गाडी सुमारे दोन तासांत ल्योंला पोचते. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. उतरल्यावर क्र्वा-रूस टेकडीवर जा. मेट्रोची सी लाइन तिथे दात्यांच्या रुळावरून चढते. ही विणकरांची टेकडी. इथल्या विणकरांना कानू म्हणत. इमारती उंच, खिडक्या लांबट आणि आतल्या खोल्यांची छतं चार मीटरच्या आसपास, कारण जकार्ड बसवलेला माग कमी उंचीत मावतच नाही. माग खिडकीपाशी, वर पोटमाळ्यावर बिछाना, आणि सगळं कुटुंब त्याच खोलीत. खालच्या मजल्यावर खटखटाट आणि वर पाळणा, अशा घरात आमच्या आज्यांची निम्मी हयात गेली.

मेझों दे कानू या छोट्या संग्रहालयात जुने माग चालवून दाखवतात. गाईडच्या फेरीची वेळ आधी बघून ठेवा. रविवारी बंद असतं. तिथे नक्षीदार मखमल विणताना दिवसाला फक्त काही सेंटिमीटर कापड पुढे सरकतं. धोट्याचा आवाज, फणीचा ठोका, वर पुठ्ठ्यांची सरक. मित्राने व्हिडिओ घेतला, मी वहीत फक्त विणकराचे हात काढत बसलो. तुम्हीही तेच करा. नुसता माग काढायचा तर आपल्याकडे बसूनही काढता येतो.

या यंत्राची ताकद कळायला एक गोष्ट पुरे. क्लोद बॉनफों या चित्रकाराने जकार्डचं व्यक्तिचित्र रंगवलं होतं, त्यावरून १८३९ मध्ये ल्योंमध्ये रेशमी प्रत विणली गेली. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. लांबून पाहणाऱ्यांना ते छापील चित्र वाटे. चार्ल्स बॅबेजने एक प्रत घरी लावली होती आणि आपल्या गणनयंत्राची कल्पना पाहुण्यांना त्यावरून समजावत असे. ग्राफवर चौकोन भरणाऱ्या आमच्यासारख्यांना कलेच्या वर्गात कुणी चित्रकार म्हणत नाही. तसं न म्हणणाऱ्यांना हे चित्र दाखवावं.

टेकडीवरून खाली येताना ट्राबूल पाहा, म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या बोळी. कापडाचे गठ्ठे पावसात न भिजवता खाली नेता यायचे. कूर दे व्होरास या चौकातला मोठा जिना स्केचसाठी उत्तम, पण वर माणसं राहतात, तेव्हा आवाज कमी ठेवा. नोव्हेंबर १८३१ मध्ये मजुरीचा किमान दर ठरवावा म्हणून याच टेकडीवरच्या विणकरांनी बंड केलं, १८३४ मध्ये पुन्हा केलं. सैन्याने दोन्ही वेळा मोडून काढलं. इंग्रजी राजवटीत फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरच्या माणसाला मजुरांनी भरलेली गल्ली आणि समोर बंदुका हे चित्र डोळ्यापुढे आणायला कष्ट पडत नाहीत.

थोड्याच अंतरावर, एनों मेट्रोपाशी, एक सबंध भिंत रंगवलेली आहे: १९८७ ची, सुमारे १,२०० चौरस मीटरची. खिडक्या, जिने, दुकानं, सगळं सपाट भिंतीवर. १९९७ आणि २०१३ मध्ये ती पुन्हा रंगवली तेव्हा चित्रातली माणसं आणि दुकानंही बदलली. भित्तिचित्रं करणाऱ्यांनी जवळ जाऊन कडा कशा सोडवल्यात ते पाहावं. लांबून फोटो काढून निघून आलात तर काही हाती लागणार नाही. ल्योंचं कापड संग्रहालय फार मोठं आहे, पण त्याचं नूतनीकरण काढलेलं आहे, म्हणून निघण्याआधी उघडं आहे का ते बघा.

आता पॅरिस. इथे मला सगळ्यात जास्त मिळालं ते लूव्र संग्रहालयात नाही, गोब्लें कारखान्यात. हा १६६२ पासूनचा सरकारी विणकामाचा कारखाना आणि आजही चालू आहे. उभ्या मागावर विणकर कापडाच्या मागच्या बाजूला बसतो आणि समोरची बाजू आरशात बघतो. एक भिंतभर पट विणायला काही वर्षं लागतात. गाईडसोबतच आत सोडतात, तेही ठरावीक दिवशी, म्हणून तारखा आधी बघून बुकिंग करा. माहिती बहुतेक फ्रेंचमधून असते. भाषा येत नसली तरी हात दिसतात, तेवढ्याने भागतं.

गोब्लेंचा एक किस्सा मी आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो. १८२४ मध्ये शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळा रंग फिका पडतो, रंगाईत खोट आहे. त्याने तपासलं तर रंग ठीक होता. शेजारचा रंग काळ्याला मारत होता. त्यावरून त्याने शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलवतात हे मांडलं, १८३९ मध्ये त्यावर पुस्तक छापलं आणि ७२ भागांचं रंगचक्र तयार केलं. पुढे सूरा, सिन्याक यांनी ठिपक्यांची चित्रं काढली ती याच विचारावर. आम्ही चादरीत दोन-तीन रंगांच्या सुतावर सगळं भागवतो. हिरव्याशेजारी मरून लावला की तो पेटतो आणि राखाडीशेजारी लावला की मेल्यासारखा दिसतो, हे आम्हाला मास्तरांनी काठीने शिकवलं. ते का होतं हे मला पॅरिसमध्ये कळलं.

म्हणून ऑर्से संग्रहालयात जाल तेव्हा सूराचं ‘सर्कस’ हे १८९१ चं शेवटचं, अपुरं राहिलेलं चित्र आधी शोधा. अगदी जवळ जा, मग दहा पावलं मागे या, मग पुन्हा जवळ. ऑर्से ही जुन्या रेल्वे स्टेशनची इमारत आहे, संग्रहालय १९८६ चं. सोमवारी बंद, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं. गुरुवारी संध्याकाळी गेलो तेव्हा शाळेच्या सहली गेलेल्या होत्या आणि व्हॅन गॉगसमोर उभं राहता आलं.

लूव्र मंगळवारी बंद असतं, बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत चालतं. युरोपबाहेरच्या प्रवाशांना आता तिकीट जास्त पडतं, आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, काचेआड आहे, आणि तिच्यापर्यंत पोचायला आषाढीच्या दर्शनबारीसारखं रेटत जावं लागतं. माझं मत विचाराल तर तिकडे पाठ करून उभे राहा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं ‘काना येथील लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. त्यातली कापडं पाहा: कुठे रेशीम, कुठे जर, कुठे साधं सुती, सगळं फक्त कुंचल्याच्या वळणाने वेगळं केलेलं. मग शार्दँचं ‘मासा’ हे चित्र पाहा. एवढं झालं की त्या दिवशी बाहेर पडा. आमच्यातल्या एका मित्राने सगळं लूव्र उरकायचं ठरवलं होतं. संध्याकाळी त्याला एक चित्र आठवेना.

याच कारणासाठी चित्रकारांनी म्युझियम पास घेऊ नये असं माझं म्हणणं आहे. दोन, चार किंवा सहा सलग दिवसांचा पास मिळतो, आणि पैसे वसूल करायच्या नादात माणूस पळत सुटतो. दिवसाला एक मोठं संग्रहालय, फार तर एखादं छोटं, बास. ऑर्से आणि ऑरांजरी ही संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, बुकिंग मात्र करावं लागतं आणि गर्दी भरपूर. पाँपिदू केंद्र सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, ते २०३० पर्यंत. तेव्हा आधुनिक कलेसाठी वेगळी सोय बघा.

ऑरांजरीत मोनेच्या कमळांचे आठ पट दोन लंबगोल दालनांत लावले आहेत, वर काचेचं छत. १९२७ पासून ते तिथे आहेत. पुस्तकात ही चित्रं निळी दिसतात. तिथे बसलो असताना बाहेर ढग आला आणि निळ्याचा जांभळा झाला, ढग गेला आणि हिरवा वर आला. छापील प्रतीत आकार, पृष्ठभाग आणि उजेड या तीन गोष्टी येत नाहीत. परदेशी जायचा खर्च त्या तिघांसाठी करायचा. ऑरांजरी मंगळवारी बंद.

क्लुनी संग्रहालय (सोमवारी बंद) आमच्या ताईंनी सुचवलं, आणि तिथून आम्ही निघता निघेना. सन १५०० च्या सुमाराचे सहा विणलेले पट, स्त्री आणि एकशिंगी घोडा, लाल जमिनीवर शेकडो फुलं, ससे, पक्षी. खालच्या कडेला नीट पाहा. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली तिथला रासायनिक लाल उडालाय, आणि वरचा मंजिष्ठेचा जुना लाल अजून धडधडीत आहे. सोलापुरातल्या रंगाईवाल्यांना हा पट बळेबळे नेऊन दाखवायला हवा.

स्केचिंगबद्दल: या संग्रहालयांच्या कायम संग्रहात पेन्सिल आणि छोटी वही चालते. शाई, जलरंग, चारकोल काढलात की पहारेकरी येतो. ईझल लावून नक्कल करायची तर आगाऊ परवानगी लागते. फ्लॅश कुठेच नाही. लूव्रच्या समोर नदीपलीकडे सेनलिए हे १८८७ पासूनचं रंगांचं दुकान आहे. त्यांची ऑइल पेस्टल १९४९ मध्ये पिकासोसाठी बनवली गेली. दर चढे आहेत, पण पेस्टलचे सुटे रंग घेता येतात. एका दुकानातून शंभर युरोच्या वर खरेदी झाली तर करपरतीचा कागद मागा आणि विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी मशिनवर स्कॅन करा. तेलरंगाच्या ट्यूब चेक-इन सामानात ठेवा. टर्पेंटाइन मात्र विमानात कुठेच चालत नाही, तिकडे घ्या आणि तिकडेच संपवा.

बाकी तयारी झटपट सांगतो. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला ९० युरो फी आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधी करता येतो, उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो तेव्हा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून काम उरकलं. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, आठवडा आरामात निघतो. दुधाचे पदार्थ मात्र युरोपात नेता येत नाहीत, पेढ्यांचा डबा घरीच ठेवा.

एक दिवस जास्त काढता आला तर आंजे हे शहर गाठा. पॅरिसहून गाडीने साधारण दीड तास. तिथल्या किल्ल्यात चौदाव्या शतकाच्या अखेरीचा ‘अपोकॅलिप्स’ (जगाचा अंत) हा विणलेला पट आहे, आज उरलेला भागही शंभर मीटरच्या घरात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे करून थंडीत झाडांवर पांघरायला आणि तबेल्यात वापरले होते. दालनात उजेड फार मंद आहे, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. नदीपलीकडच्या जुन्या इस्पितळात ल्युर्सा या चित्रकाराचे ‘जगाचं गाणं’ हे दहा विणलेले पट आहेत, काळ्या जमिनीवर, १९५७ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये तो गेला तेव्हा अपुरे राहिलेले. आधी किल्ला करा, मग नदी ओलांडा, कारण ल्युर्साने हे काम हाती घेतलं ते किल्ल्यातला पट पाहूनच.