तुम्ही विचारलंत म्हणून: आयटी सोडून शिकवायला यावं का?

हा प्रश्न मला कुठून ना कुठून येतच असतो. जुन्या टीममधली मुलं रिलीजच्या रात्री मेसेज टाकतात. लग्नकार्यात कुणीतरी पंगतीतून उठताना बाजूला घेतं. शाळेतल्या एका बाईंचा भाऊ तर मुद्दाम भेटायला आला होता. प्रश्न साधारण एकच असतो: "मॅडम, तुम्ही आयटी सोडून शाळेत आलात. मीही सोडू का?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

आधी माझी परिस्थिती सांगते. मी पुण्याजवळ हिंजवडीत एका कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला होते, म्हणजे चालू सॉफ्टवेअर अडलं की ते सुरू करायचं काम. क्लायंट अमेरिकेतला. ऑन-कॉल असलं की रात्री कधीही फोन वाजणार आणि मिनिटांत लॅपटॉप उघडायला लागणार. पगार उत्तम होता, माणसंही चांगली होती. पुढे बी.एड. केलं, 2023ची शिक्षक अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, दिली आणि पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, पुणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत लागले. आठवी ते दहावीला गणित शिकवते. पदनाम शिक्षण सेवक, म्हणजे नियमित होण्याआधीची पहिली 3 वर्षं, मानधन महिना 18,000 रुपये. हा आकडा ऐकून काहीजण विषयच बदलतात. तोही एक निर्णयच, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही.

जे थांबतात, त्यांचं बोलणं बहुतेक वेळा मॅनेजरपासून सुरू होतं आणि मॅनेजरवरच संपतं. अप्रेझलमध्ये काय झालं, रात्रीचे कॉल, हिंजवडीचं ट्रॅफिक, पाठदुखी. तासभर बोलूनही मुलं, वर्ग, विषय यातलं काहीच बोलण्यात येत नाही. त्यांना मी स्पष्ट सांगते की तुम्हाला रजा हवी आहे, किंवा दुसरी टीम, किंवा दुसरी कंपनी. हे मिळवायला व्यवसाय बदलावा लागत नाही. आणि दमलेल्या माणसाने विसावा म्हणून वर्गात येऊ नये. वर्गात साठ मुलं बसलेली असतात, ती आपल्या विसाव्यासाठी आलेली नसतात.

मग मी एकच प्रश्न विचारते. कुणाला एखादी गोष्ट समजत नाहीये हे दिसलं की तुम्हाला नेमकं काय वाटतं? ज्युनिअरने तिसऱ्यांदा तेच विचारलं, घरी मुलाने भागाकार पुन्हा चुकवला, तेव्हा चीड येते, की हा नेमका कुठे अडकतोय हे बघावंसं वाटतं? चीड कधीतरी येतेच, मलाही येते. पण चिडीखाली दुसरी भावना आहे का, हे तपासा. मला विचाराल तर हे काम जमेल की नाही ते बरंचसं यावर ठरतं. विषय किती येतो, बोलता किती छान येतं, हे त्यानंतर.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण त्याशिवाय मी काय म्हणते ते कळणार नाही.

आठवीचा एक मुलगा. दशांश अपूर्णांकांच्या बेरजा ही मागच्या इयत्तांतलीच गोष्ट, मी उजळणी म्हणून दिल्या होत्या. त्याच्या वहीत पहिलं उदाहरण 5.2 + 3.3 = 8.5, बरोबर. दुसरं 2.4 + 1.3 = 4.1. तिसरं 3.5 + 0.4 = 4.3. चौथं पुन्हा बरोबर. वह्यांचा गठ्ठा तपासताना अशा पानावर फुली मारून खाली 'काळजीपूर्वक सोडव' लिहिणं अगदी सोपं असतं. पण अक्षर नीट होतं, खाडाखोड नव्हती. घाईत चुकणाऱ्या मुलाचं पान तसं दिसत नाही. सपोर्टमध्ये आम्ही लॉग, म्हणजे सिस्टिमने केलेल्या नोंदी, वाचायचो तशी मी ती वही पुन्हा वाचली. हा मुलगा चुकत नव्हता, कुठला तरी नियम पाळत होता. फक्त तो नियम मला दिसत नव्हता.

मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं आणि म्हटलं, "दुसरं कसं केलंस ते सांग." तो अगदी सहज म्हणाला, "बाई, दोन ओव्हर चार बॉल आणि एक ओव्हर तीन बॉल. बॉल झाले सात. सहाची एक ओव्हर गेली, एक बॉल उरला. चार पॉइंट एक."

तो गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना स्कोअर लिहायला बसतो. षटकांचा हिशेब त्याचा एकदम पक्का. 2.4 षटकं म्हणजे 16 चेंडू, 1.3 म्हणजे 9, एकूण 25, म्हणजे 4.1. एकही पायरी चुकलेली नाही. मी त्याला तेच सांगितलं, की तुझा हिशेब बरोबर आहे, फक्त तिथे सहाचा गठ्ठा होतो आणि इथे दहाचा. त्यावर त्याने विचारलं, "मग दोन्हीकडे पॉइंट का देतात?" प्रश्न रास्त होता. पुढच्या तासाला मी फळ्याचे दोन भाग केले, एकीकडे षटकं, एकीकडे दशांश, आणि तीच उदाहरणं सगळ्या वर्गाकडून दोन्ही रीतींनी करून घेतली. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, दीड तास मग 1.30 का 1.5?" तो अख्खा तास त्यातच गेला. नियोजनातला धडा राहिला तो राहिलाच.

हे वाचताना तुम्हाला त्या मुलाला भेटावंसं वाटलं असेल, तर पुढचं वाचा. एवढा वेळ एका बेरजेवर घालवायचा का, असं वाटलं असेल, तर तुमची आत्ताची नोकरी बदलून दुसरी तशीच बघा. मी हे मनापासून सांगते आहे. त्यात तुमचंही भलं आहे.

काम कमी होईल या आशेने तर येऊच नका. रात्रीचा फोन बंद होतो हे खरं, आणि त्याचं सुख मोठं आहे. पण दिवसभर उभं राहून बोलायचं असतं आणि घसा सवय व्हायला वेळ घेतो. ऑफ तास हक्काचा नसतो, कुणी रजेवर गेलं की बदली तास लागतो. घटक चाचणी झाली की वह्या-पेपर घरी येतात. दहावीला बीजगणित 40, भूमिती 40 आणि अंतर्गत 20, या अंतर्गतच्या नोंदी वर्षभर ठेवायच्या असतात. यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची, माहिती भरायची, ती आधारशी जुळली नाही की पालकांना फोन करायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं देता येतात. पण या तिन्हींत किती दिवस जातात हे निवडणुकीच्या वर्षी कुठल्याही शिक्षकाला विचारा. आता 2027ची जनगणनाही आहे.

आणि काही गोष्टी रजिस्टरमध्ये लिहिता येत नाहीत. नववीतली एक हुशार मुलगी सलग गैरहजर राहायला लागली. घरी गेल्यावर कळलं की आई कामाला जाते आणि धाकट्याला सांभाळायला दुसरं कुणी नाही. अशा वेळी आपल्या हातात फार थोडं असतं. आईशी बोललो, शेजारच्या आजींशी बोललो, परीक्षेपुरती ती येऊ लागली. तेवढंच झालं. कंपनीत मी सोडवलेलं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद व्हायचं. इथे तसं बंद होणारं काही नसतं, आणि ते ज्याला सोसत नाही त्याला खूप त्रास होतो.

पैशाबद्दल लोक आडून विचारतात, मी सरळ सांगते. शिक्षण सेवकाचा काळ 3 वर्षांचा. 2023 पासून मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. त्याआधी ते 6,000, 8,000 आणि 9,000 होतं. 3 वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते. माध्यमिकला बी.एड. शिक्षकाचं मूळ वेतन 38,600 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता वगैरे. जुनी पेन्शन विसरा, 1 नोव्हेंबर 2005 ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना ती लागू नाही. माझं निभलं, कारण नवऱ्याची नोकरी चालू आहे आणि घराचं कर्ज आधीच फिटलं होतं. या दोन गोष्टी नसत्या तर मी आजही हिंजवडीतच असते. हे न सांगता नुसतं 'मनाचं ऐका' म्हणणं मला खोटेपणाचं वाटतं.

सोडायच्या आधी वर्षभर नव्या पगारात घर चालवून बघा आणि उरलेला पगार बाजूला टाका. ते वर्ष निभलं नाही, तर उत्तर राजीनाम्याच्या आधीच मिळालं. सलग 5 वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थोडं थांबा. आणि कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, हे फार लोकांच्या उशिरा लक्षात येतं. आईवडिलांना आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर नव्या पॉलिसीत त्या आजारांसाठी थांबावं लागतं, 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं आहे. म्हणून घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या.

'केवढा त्याग केलात' असं कुणी म्हटलं की मला अवघडायला होतं. आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राचा दाखलाही हमखास येतो, मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस असं सांगणाऱ्या. मला आगरकरांबद्दल अपार आदर आहे. पण 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढणारी आणि तिला येऊन मिळालेली ती माणसं स्वतःची संस्था उभी करत होती, आपल्या मोबदल्याचे नियम आपणच ठरवत होती. आज एखादी विनाअनुदानित शाळा शिक्षिकेची सही एका आकड्यावर घेते आणि हातात दुसराच आकडा ठेवते, तेव्हा तिथे त्याग कुणी करत नसतं. तिची फसवणूक होत असते. माझ्या बी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणींनी हे सोसलं आहे. म्हणून खाजगी शाळेत जाणार असाल तर नेमणूक पत्र हातात घ्या, पगार बँकेतच येतो ना ते बघा, आणि 1977चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा एकदा वाचून ठेवा. शिकवणं आवडतं म्हणून कमी पगार निमूट घ्यायचा, ही अट कुणीही मान्य करू नये. तुम्ही ती मान्य केलीत की तुमच्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही ती लागू होते, आणि त्यांच्या घरात दुसरा पगार नसतो.

वाटेबद्दल थोडं. इंजिनिअरला 55 टक्के असतील तर बी.एड.ला प्रवेश मिळू शकतो. पण ते नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी होईल या भ्रमात राहू नका. 2 वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते, इंटर्नशिप निदान 20 आठवड्यांची. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा (ही टेटहून वेगळी), दुसरा पेपर हवा, 150 पैकी 90 गुण खुल्या गटाला. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी वर टेट आणि पवित्र पोर्टल. भरती दरवर्षी होत नाही, आणि वयाची मर्यादा असते, चाळिशीकडे झुकलेल्यांनी ती सगळ्यात आधी बघावी. बी.एड.शिवाय वर्ग अनुभवायचा असेल तर टीच फॉर इंडियाची 2 वर्षांची फेलोशिप आहे. ज्यांचं एम.ई. झालं आहे त्यांना तंत्रनिकेतन किंवा इंजिनिअरिंग कॉलेजची वाट मोकळी आहे. तिथे विषय आपला असतो, पण नेमणूक पत्राबद्दल वर लिहिलं ते तिथेही लागू.

यापैकी काहीही करायच्या आधी एकदा न सोडता शिकवून बघा, आणि हे आठवडाभराचं कौतुक नको, निदान एक सत्र. पुण्या-मुंबईत रात्रशाळा आहेत, तिथे दिवसभर काम करून आलेली मुलं दहावीला बसतात आणि गणिताला मदत त्यांना नेहमीच हवी असते. मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, ठरलेला एकच वार मागून घ्या आणि तो चुकवू नका. पहिल्या महिन्यात सगळ्यांना छान वाटतं. पावसात चार मुलं आलीत, त्यातल्या दोघांना झोप आवरत नाहीये, आणि तुम्ही मागच्या वेळी शिकवलेलं कुणालाच आठवत नाहीये, त्या संध्याकाळी तुम्हाला पुढच्या वारी यावंसं वाटतं का, ते मला कळवा.

परवा जुन्या टीमलीडचा फोन आला होता. तो सप्टेंबरपासून एका रात्रशाळेत जातो आहे, दर गुरुवारी. "राजीनामा कधी टाकू?" एवढंच विचारत होता, बाकीचं त्याचं ठरलं होतं. मी त्याला सांगितलं, बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, साधारण मार्चच्या सुमाराला होते, प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात, आणि तुझी नोटीस 90 दिवसांची आहे. आधी सीईटी दे, यादीत नाव बघ, आणि दहावीच्या त्या मुलांची परीक्षा होईपर्यंत गुरुवार सोडू नकोस.