तीस दिवसांचा डोंगर

वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी पोचली की पेपरात तिचा फोटो येतो. यंदा जानेवारीत तो आला आणि त्याच संध्याकाळी देवगडचे एक बागायतदार काका भाच्याने पाठवलेला गुगल ट्रेंड्सचा (कोणता शब्द कधी किती शोधला जातो, ते दाखवणारं गुगलचं साधन) स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे हजर. त्यांच्या वेबसाइटचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. आलेखात ‘हापूस’ची रेघ थेट १००वर.

“शंभर म्हणजे शंभर हजार माणसां मा गो? मगे आजच जायरात लावया!”

ट्रेंड्स माणसं मोजत नाही. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात, एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा जेव्हा सर्वांत जास्त होता, तिथे १००. बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. भाच्याने काळ घेतला होता ३० दिवसांचा. मी तो पाच वर्षं केला, प्रदेश महाराष्ट्र. काकांचा डोंगर जेमतेम उंचवटा उरला. खरे डोंगर दर एप्रिल-मेमध्ये उभे होते. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

उंचवट्याखालचे संबंधित शोध पाहिले: पहिली पेटी, वाशी, भाव. म्हणजे बातमी वाचणारे. (भाव विचारून पुढे जाणारे काकांना बाजारातही रोज भेटतात.)

मग ‘देवगड हापूस’, ‘रत्नागिरी हापूस’, ‘अल्फान्सो’ शेजारी-शेजारी लावून पाहिले. एका वेळी मोजकेच शब्द घेता येतात. पण शोध जरा लांबलचक झाला की ट्रेंड्स हात वर करतं, पुरेशी माहितीच नसते. म्हणून साइटच्या मालकासाठी असलेलं गुगलचं सर्च कन्सोल उघडलं. गेल्या हंगामात ही साइट कोणत्या शोधांत दिसली, ते तिथे होतं: ‘पेटीत किती डझन’, ‘कार्बाइडशिवाय पिकवलेला आंबा’, ‘हापूस पुणे घरपोच’. आकडे किरकोळ, पण माझ्या मते ही पाकीट हातात घेऊन बसलेली माणसं.

“आमी तर पेंढ्यातच आढी घालतंव,” काका म्हणाले.

“मग साइटवर त्याचं एक अक्षर का नाही, काका?”

जाहिरात मार्चअखेरीवर ढकलली. पानं मात्र लगेच लिहायला घेतली, कारण नवं पान गुगलला सापडून वर सरकायला कित्येक आठवडे जातात आणि एप्रिल काही थांबत नाही. आढीचे फोटो गेल्या वर्षीचेच वापरायचे. पहिलं पान पेटीतल्या डझनांचं: ते फळाच्या वजनावर ठरतं, आणि तो हिशेब काकांना तोंडपाठ. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.