रिकामी दिसलेली वळचण

संकटात सापडलेल्या वटवाघळांच्या मदतीला जाणाऱ्या आम्हा दोघांना फोन सकाळी सव्वासहाला आला. घराच्या वळचणीभोवती वटवाघळं घिरट्या घालतायत, उजाडलं तरी थांबत नाहीत, काही खिडकीतून आत शिरलीत, असं घरमालक काका सांगत होते. पहाटे परतल्यावर वटवाघळांनी आपल्या फटीपाशी दहा-पंधरा मिनिटं गिरक्या घेणं नेहमीचंच आहे. पुन्हापुन्हा जवळ यायचं, भिंतीला क्षणभर टेकायचं, सुटायचं आणि शेवटी एकेक करून आत शिरायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. पण लख्ख उजेड झाल्यावरही ती उडत असतील, तर आत जायची वाट बंद झालीय असंच आम्ही आधी धरून चालतो. त्यात हे दिवस पिल्लांचे. निघण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "काल काही दुरुस्ती केलीत का?"

"फटीत फोम मारला. पण अहो, सगळी बाहेर गेल्याची खात्री करूनच मारला. खुर्ची टाकून बसलो होतो. मोजली मी, 58 गेली. मग अर्धा तास एकही नाही."

मोजणी त्यांनी अगदी बरोबर केली होती. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर पडणाऱ्या या चिमुकल्या कीटकभक्षी वटवाघळांचा थवा बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात रिकामा होतो. माझा सहकारी त्यांना एवढंच म्हणाला, "काका, त्या सगळ्या आया होत्या."

पिल्लांच्या दिवसांत वळचणीत जमतात त्या जवळजवळ फक्त माद्या. नर एकेकटे, दुसरीकडे राहतात. माद्या घरटं बांधत नाहीत. त्यांना हवी असते ऊब. उन्हाने तापलेल्या कौलांखाली, वाशाच्या आणि फळीच्या बोटभर सांदीत त्या एकमेकींना चिकटून राहतात. तिथे तापमान तिशीच्या वर टिकलं की पिल्लाला अंग गरम ठेवण्यात शक्ती घालवावी लागत नाही, दूध सगळं वाढीला लागतं. संध्याकाळी आई शिकारीला जाते तेव्हा पिल्लू मागेच राहतं आणि दूध पाजायला ती रात्रीतून एक-दोनदा परत येते. म्हणून "सगळी बाहेर गेली की फट बंद करा" हा सर्रास दिला जाणारा सल्ला या दिवसांत सगळ्यात घातक ठरतो. आधीच्या रात्री आठ वाजता भरलेली फट आयांना बहुधा पहिल्या फेरीतच, मध्यरात्रीच्या आत बंद सापडली असणार.

आम्ही पोचलो तेव्हा उडणारी फारशी उरली नव्हती. वीसेक माद्या खिडकीच्या झडपेमागे आणि पन्हाळीच्या नळामागे दाटीने चिकटल्या होत्या. खोलीत शिरलेल्या तिघींसाठी काकांना आतलं दार लावायला, दिवे आणि पंखा बंद करायला आणि खिडकी सताड उघडी ठेवायला सांगितलं. पंखा सगळ्यांत आधी. झाडू किंवा टॉवेल घेऊन मागे लागण्यात पंखांची हाडं मोडतात, आणि ती हाडं काडेपेटीतल्या काडीहून बारीक असतात.

फोम फुगणारा होता, पॉलियुरेथेनचा. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे बाहेरची साल तासाभरात टणक होते, पण आतला जाड गोळा कित्येक तास चिकट राहतो. शिवाय तो आतल्या बाजूलाही फुगतो, आणि किती ते बाहेरून कळत नाही. म्हणून पहार किंवा ड्रिल अजिबात नाही. आधी शेजारच्या कौलाच्या चिरेतून 8 मिलिमीटर जाडीचा नळीकॅमेरा आत घातला. पडद्यावर वाशाच्या बगलेला पिल्लांचा गुच्छ दिसला, राखाडी, विरळ लव आलेला. मोजता आली ती 37. मग लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं हातात धरून फोम बाहेरून आत पातळ चकत्यांनी कापला, प्रत्येक चकतीनंतर कॅमेऱ्याने पाहून. मूळ फट 18 मिलिमीटर रुंद आणि सुमारे 30 सेंटिमीटर लांब होती. ती मोकळी करायला पाऊण तास लागला. कडांवर चिकट फोम राहिला तर परतणाऱ्या माद्याच त्यात अडकतील, म्हणून कडा लाकडापर्यंत खरवडून वर कोरडी माती चोळली.

गुच्छातल्या पिल्लांना आम्ही हात लावला नाही. ती बाहेर काढून दूध पाजावं अशी काकूंची मनापासून इच्छा होती, आणि ते पाहवत नाही हे मलाही समजतं. पण कौलाखालची ऊब कुठल्याही डब्यात मिळत नाही, आणि आई सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त त्याच जागी असते. वाट उघडल्यावर वीस मिनिटांत झडपेमागची पहिली मादी भिंतीवरून सरपटत वर गेली आणि आत शिरली. भर दिवसा. तिच्या मागून नऊ वाजेपर्यंत आणखी अकरा गेल्या.

हाती घ्यावी लागली ती दहा पिल्लं. नऊ भुकेने आईला शोधत सरपटताना छताच्या फळ्यांतल्या चिरेतून खालच्या खोलीत पडली होती. त्यांतली दोन मेलेली होती, अंगावर मुंग्या. दहावं फोममध्ये अडकलं होतं. वटवाघूळ एवढंसं असलं तरी उघड्या हाताने उचलायचं नाही, पिल्लूसुद्धा. चाव्यातून रेबीजच्या जातीचे विषाणू येऊ शकतात आणि दात इतके बारीक असतात की चावा दिसतही नाही. आमची लस आधीच झालेली असते, तरी हातमोजे घालतोच. कुणाला चावलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

अडकलेल्या पिल्लाचं पंखाचं टोक आणि पाठीची लव चिकट फोममध्ये होती. ॲसिटोनसारखी द्रावकं पंखाचा पडदा जाळतात. कापसाच्या बोळ्याने खायचं तेल फोमच्या कडेला लावत राहिलो, पाच-सात मिनिटांनी कड सुटू लागली. घट्ट झालेला फोम तेलाने सुटत नाही, तिथे लव कात्रीने कापली. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून तेल पुसलं, कारण तेलकट लव ऊब धरत नाही. पंख उलगडून टॉर्चच्या उजेडासमोर धरला, तेव्हा बोटांच्या सांध्यांपाशी प्रकाश आरपार जात होता. तिथे अजून कूर्चा होती, हाड धरलं नव्हतं. मोठ्या वटवाघळात त्याच जागी घट्ट, गोल गाठ दिसते. वय ओळखायची ही सोपी खूण आहे. ही पिल्लं डोळे उघडलेली, पण उडण्यापासून बरीच लांब होती. पंख शाबूत होता.

इथून पुढे चूक होते ती घाईने. गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजायचं नाही. थंड आतड्यात दूध पचत नाही, आंबतं, पोट फुगतं आणि पिल्लू तासाभरात जातं. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात सुती कापड, आणि डब्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली, म्हणजे पिल्लाला नको वाटलं तर सरकता येतं. तापमापी आत, 30 ते 32 अंश. जास्त झालं की पंखाचा पडदा सुकतो. चाळीस मिनिटांनी ती हलायला लागली, मग कोमट जलसंजीवनी दिली, शून्य नंबरच्या रंगाच्या ब्रशवर, थेंबाथेंबाने. पिल्लू पोटावर, डोकं सरळ. डोकं वर करून पाजलं तर पाणी नाकात जातं आणि पुढे फुप्फुसात. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट झाली, तेव्हाच दूध. गाईचं चालत नाही, जुलाब होतात. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी पातळ करून दिली. या वयात पोटाची कातडी इतकी पातळ असते की दूध आत गेलेलं दिसतं. डाव्या बरगडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग उमटतो आणि मोठा होत जातो. हरभऱ्याच्या डाळीएवढा झाला की थांबायचं. हनुवटी पुसायची, नाहीतर वाळलेल्या दुधाखाली लव गळते. शेपटीखाली ओला बोळा फिरवायचा, कारण आईने चाटल्याशिवाय इतकी लहान पिल्लं नीट शी-शू करत नाहीत. असं दर तीन तासांनी, संध्याकाळपर्यंत.

मधल्या वेळात काकांना छतावर पडलेल्या लेंड्या दाखवल्या. उंदरांच्या समजून त्यांनी दोन वर्षं सापळे लावले होते. मास्क लावून आणि हातमोजे घालून एक लेंडी चिमटीत दाबली तर तिचा भुगा झाला, आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमचमणारे तुकडे निघाले. उंदराची लेंडी वाळल्यावर कडक होते, अशी चुरत नाही. काका बराच वेळ तो भुगा बघत राहिले. दूध पाजणारी मादी एका रात्रीत आपल्या निम्म्याहून जास्त वजनाचे किडे खाते, आणि त्यात डास, चिलटं, पतंग सगळं येतं. हे नुसतं सांगण्यापेक्षा तो भुगा दाखवला की पटतं.

काकांनी विचारलं, "वर्षाला किती पिल्लं होतात हो यांना?" एक, फार तर दोन. उंदराएवढा जीव असूनही यांचं आयुष्य उंदरासारखं नाही. सायबेरियात ओळखीची अंगठी घालून सोडलेलं एक ब्रँट जातीचं वटवाघूळ निदान 41 वर्षांनी पुन्हा सापडलं होतं, आणि या जातीचं वजन जेमतेम 7 ग्रॅम. हळू वाढणारा, सावकाश जन्म देणारा हा प्राणी आहे. त्यामुळे एका रात्री एका वळचणीतली पिल्लं गेली, तर ती कसर भरायला कित्येक वर्षं लागतात.

संध्याकाळी फटीच्या हातभर खाली भिंतीवर खरखरीत कापड ताणून लावलं आणि त्यावर आठही पिल्लं चिकटवली. कापडामागे गरम बाटली. ही बाटली विसरली की सगळं फसतं. गारठलेलं पिल्लू ओरडत नाही, आणि न ओरडणाऱ्या पिल्लाला आई ओलांडून जाते. आधी ती हाक ऐकते, मग जवळ येऊन वासाने खात्री करते. अंगणातला दिवा बंद, मांजर घरात, खाली पाण्याच्या ताटल्यांत शिडीचे पाय, मुंग्यांसाठी. मोजायला आम्ही दोघं दोन बाजूंना, लाल टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन, म्हणजे वटवाघळांचे आपल्या कानांना न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र. हे थवे 45 किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात स्पष्ट ऐकू येतात, ओल्या टाळीसारखे टप टप. किडा जवळ आला की सेकंदाला दहा-बारा असलेले ठोके वाढत 200च्या घरात जातात आणि एक घुर्र ऐकू येते. आठच्या सुमाराला ती घुर्र दर मिनिटाला येऊ लागली. आया आधी पोट भरत होत्या.

पहिली मादी 8 वाजून 50 मिनिटांनी कापडावर उतरली. तीन पिल्लांवरून ओलांडून गेली, चौथ्यापाशी थांबली, नाक लावलं, अंग तिरकं केलं. पिल्लू तिच्या पोटाखाली सरकलं, तोंडाने स्तन धरला, आणि ती तशीच भिंतीवरून वर चढून फटीत गेली. साडेदहापर्यंत आणखी पाच गेली. उरली दोन, त्यांत ते फोममधलं. हवा गार व्हायला लागली म्हणून त्यांना आत घेऊन पाजलं आणि पुढच्या रात्री पुन्हा लावलं. एक गेलं. फोमवालं तिसऱ्या रात्रीही राहिलं. कदाचित तेलाचा वास उरला असेल, कदाचित त्याची आईच परतली नसेल. ते हातावर वाढवावं लागलं.

काकांना थवा नको नव्हता, घरात लेंड्या नको होत्या. त्यासाठी बाहेरची फट बंद करायची गरज नसते. खोलीच्या छताच्या चिरा आतून पट्ट्या मारून बंद केल्या आणि छतावर, गुच्छाच्या बरोबर खाली, उचलता येणारा प्लास्टिकचा कागद अंथरला. तो वर्षातून एकदा, पिल्लांचे दिवस संपल्यावर आणि लेंड्या आधी पाण्याने भिजवून काढायचा, कारण वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून फुप्फुसाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. थवा खरोखरच हलवावा लागला, तर पिल्लं उडू लागल्यावर फटीवर बारीक जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी ठोकून खालून मोकळी सोडतात. वटवाघळं खाली सरकून बाहेर पडतात, पण परत आत शिरायला त्यांना वाट सापडत नाही. निदान सात रात्री ठेवून मगच फट बंद. बाजूला लाकडी पेटी लावायची असेल तर ती कित्येक महिने आधी लावावी लागते, आणि तरीही ती तापलेल्या कौलाची जागा घेईल याची खात्री नाही. म्हणून जाळी हा आमचा शेवटचा उपाय असतो.

घरी परतल्यावर कपडे, दोर, शिडी आणि बूट निर्जंतुक केले. 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसली, आणि त्यानंतर उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं त्या रोगाने मेली. तिचे बीजाणू माणसाच्या बुटांवरूनही जातात. एका वळचणीतून दुसऱ्या वळचणीत जाताना हे टाळायला एक बादली आणि अर्धा तास पुरतो.

चार आठवड्यांनी पुन्हा मोजणी केली. खुर्ची टाकून काका आधीच बसले होते, हातात मोजायचं यंत्र. फटीतून 92 बाहेर पडली. शेवटची बरीच अडखळत, भिंतीला दोनदा आपटून. हातावर वाढलेलं ते पिल्लू त्याच रात्री नऊला त्याच कापडावर ठेवलं. सव्वानऊला ते उडालं, अंगणाभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि डिटेक्टरवर त्याची पहिली घुर्र ऐकू आली.