साराला कुणी शोधलंच नाही

शनिवार, १४ फेब्रुवारी २०२६, मेलबर्न

रात्रीचा एक वाजत आलाय. खिडकी उघडी टाकूनही खोलीतली धग कमी होत नाही आणि मला झोप येत नाही.

'पिकनिक ॲट हँगिंग रॉक' आज मुद्दाम लावला. सिनेमातली, मुलींच्या शाळेची हँगिंग रॉक नावाच्या खडकावरची सहल १४ फेब्रुवारी १९०० ची, वार शनिवार. आजही तोच वार. गंमत म्हणजे खऱ्या कॅलेंडरात १९०० साली त्या तारखेला बुधवार होता. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय, त्या १९६७ च्या कादंबरीत जोन लिंडसेबाईंनी जो दिवस लिहिला, तो कधी उगवलाच नव्हता. हे आठवून मला सिनेमा सुरू व्हायच्या आधीच कसंतरी झालं.

मी, लेक आणि पुण्याहून आलेल्या नणंदबाई, अशा आम्ही तिघी. ताईंना मी 'भयपट आहे' एवढंच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या अंधाराची वाट बघत बसल्या आणि इथे तर सगळं लख्ख उन्हात. पांढऱ्या झग्यातल्या मुली, घोडागाडी, हृदयाच्या आकाराचा केक. वुडएंड गाव मागे पडलं की हातमोजे काढायची परवानगी, एवढंच काय ते स्वातंत्र्य. मग दुपारचे बारा वाजतात आणि घड्याळं बंद पडतात. केकवर मुंग्या चढतात. मुली पेंगतात. चौघी खडक चढायला निघतात, वर जाऊन एडिथ सोडून तिघी बूट-मोजे काढतात आणि अनवाणी एका फटीत शिरतात. एडिथ किंचाळत खाली येते. बाकी तिघी, मिरांडा, मॅरियन आणि अर्मा, नाहीशा होतात, आणि मागोमाग गणिताच्या बाईही.

ताई हळूच म्हणाल्या, "अगं, हा तर चकवा." भर बाराच्या उन्हात माळावर एकटं जाऊ नये, हे त्या आणि मी, दोघीही ऐकतच मोठ्या झालो. इतकी वर्षं इथे राहून हा शब्द मला त्या खडकासाठी सुचला नव्हता.

पीटर वीयरने हा सिनेमा १९७५ साली केला. छायाचित्रकार रसेल बॉइडने कॅमेऱ्याच्या भिंगावर नववधूच्या ओढणीचं झिरझिरीत कापड लावून तो उजेड पकडला, त्यामुळे ऊनसुद्धा आठवणीतलं वाटतं. झामफिरने वाजवलेली पॅनफ्लूट, म्हणजे नळ्यांची बासरी, सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र खडकाजवळची घरघर जास्त लागते. भूकंपाचा आवाज संथ करून तिथे मिसळलाय म्हणतात. कानाला धड कळत नाही, पोटात कळतं.

"पण मग झालं काय त्यांचं?" लेक शेवटी चिडलीच. तिला उत्तर हवं होतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही हवं होतं. लिंडसेबाईंच्या पश्चात, १९८७ मध्ये, कादंबरीचं वगळलेलं शेवटचं प्रकरण छापलं गेलं. त्यात काय आहे ते लेकीला सांगितलं नाही. न सांगितलेलंच बरं वाटतं मला.

कारण आज मी मिरांडाला शोधतच नव्हते. आज मला फक्त सारा दिसत होती.

सारा त्याच शाळेतली, अनाथ. तिला सहलीला नेलं नाही, आणि तिची जबाबदारी घेतलेल्या पालकाकडून फीचे पैसेही आले नाहीत. सकाळीच मिरांडा तिला सांगते की माझ्यावाचून आणखी कुणावर तरी माया करायला शीक, मी फार दिवस इथे नसणार. त्यानंतर सगळं गाव, पोलीस, कुत्री मिरांडाच्या मागे. आठवड्याने तिघींपैकी एकटी अर्मा जिवंत सापडते. लाल कपड्यांत ती शाळेच्या व्यायामशाळेत निरोप घ्यायला येते आणि मुली तिच्यावर तुटून पडतात, सांग, सांग म्हणून. हा कल्लोळ ओसरल्यावर भिंतीपाशी सारा दिसते. पाठ ताठ व्हावी म्हणून तिला पट्ट्यांनी फळीला बांधून ठेवलेलं. ती तिथेच होती, सगळा वेळ. मागच्या वेळी मी हे पाहिलं असणार, पण माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

गेल्या वर्षी हँगिंग रॉकला गेलो होतो, इथून गाडीने तासाभरावर. कपारीत उभं राहून माणसं "मिरांडाऽऽ" अशी हाक मारतात, तशी आम्हीही मारली. त्या जागेचं जुनं नाव न्गान्नेलाँग. वुरुंडजेरी, ताउंगुरुंग, जा जा वुरुंग या लोकांची ती भूमी, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना तिथून हुसकून लावलं. २०१७ साली इथे 'मिरांडा मस्ट गो' नावाची मोहीमच निघाली होती: न हरवलेल्या गोऱ्या मुलींना किती हाका मारणार, खरोखर गेलेल्यांचं काय? ते वाचलं होतं मी. तरी हाक मारली. आता पुन्हा गेले तर नाही मारणार.

साराचा भाऊ अल्बर्ट त्याच परिसरात घोडागाडी हाकत असतो. सहलीच्या दिवशी तो त्याच खडकापाशी होता. अर्मा त्यालाच सापडते. अनाथाश्रमात ताटातूट झालेली आपली बहीण त्याच शाळेत आहे, हे त्याला ठाऊक नाही. सारा मेलेली सापडते, आणि तो आपल्या मित्राला स्वप्न सांगतो: बहीण आली होती, निरोप घेऊन गेली, तिच्या आवडत्या पॅन्सीच्या फुलांचा वास येत होता.

इथे ताईंनी डोळ्यांना पदर लावला. लेक काही बोलली नाही, माझ्याजवळ सरकून बसली. आत्ता दोघी झोपल्यात. मी सिनेमा पुन्हा सुरुवातीला नेऊन थांबवलाय, आरशापाशी मिरांडा आणि तिच्याकडे बघणारी सारा.