पेल्याची साखळी

समाज सुसंस्कृत आहे हे ओळखायचं कसं, हा प्रश्न मला मे महिन्यातल्या एका दुपारी अडीच वाजता पडला. एरवी त्या वेळेला मला झोप लागलेली असते.

बेल वाजली. दारात सामान घेऊन आलेला मुलगा. विशीतला असेल. पाठीवर ती मोठी चौकोनी पिशवी, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. सामान हातात देऊन म्हणाला, "काका, जरा पाणी मिळेल?"

"अरे, मिळेल काय, थांब!" असं मोठ्या उदारपणे म्हणत मी आत गेलो. ओट्याशेजारी काचेचे सहा ग्लास उपडे घातलेले होते. माझा हात त्यांच्यावरून सरळ पुढे गेला आणि कोपऱ्यातल्या स्टीलच्या पेल्यावर थांबला. एका बाजूने चेपलेला पेला आहे. कामाच्या मावशी त्यातून चहा घेतात, प्लंबर आला की त्यातून पाणी पितो. तो पेला 'त्यांचा' असं आमच्या घरात कधी कुणी ठरवलं नाही. ठरवावं लागलंच नाही.

हे लक्षात आल्यावर मी काचेचा ग्लास घेतला का? नाही घेतला. पेला हातात आलाच आहे, पोरगं तहानलेलं आहे, आता कुठे विचार करत बसायचं, असं म्हणत तोच भरला. तो दोन पेले पाणी प्यायला. तोंड न लावता, वरून, एक थेंब न सांडता. एवढा सराव उगाच होत नाही.

मुंबईत सोसायटी म्हणजे बिल्डिंग. बाकी जगात ती समाज वगैरे असेल. इथे ती मेंटेनन्स मागते, पार्किंगवरून भांडते आणि दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घेते. 'सभ्य' हा शब्द मुळात 'सभे'वरून आलाय, सभेत बसायला योग्य तो सभ्य. ज्याने कुणी ही व्युत्पत्ती दिली तो आमच्या गच्चीवर कधी आला नसणार. आमच्याकडे गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच अकरा माणसांची सुरू होते. मग वरच्या मजल्याची गळती, खालच्या मजल्याचं गाऱ्हाणं, आणि मध्येच कुणाचा तरी आवाज, "हे मिनिट्समध्ये घ्या!"

आमच्याकडे लिफ्ट दोन आहेत. सामान घेऊन येणाऱ्यांनी आणि घरकामाच्या बायकांनी मागची वापरावी, अशी लॅमिनेट केलेली पाटी आहे. कुत्र्यांना पुढची चालते, मालक बरोबर असेल तर.

तर त्या मेमधल्या दुपारनंतर मी सेक्रेटरींना गाठलं आणि म्हटलं, गेटपाशी एक माठ ठेवू या. उन्हाचे पोरं येतात, पितील. मला वाटलं होतं, हो म्हणतील आणि संपेल. त्यांनी विषय कमिटीत नेला. तिथे माठाला जेवढे फाटे फुटले तेवढे रिडेव्हलपमेंटलाही फुटले नव्हते. डास होतील, पालिकेचे लोक येऊन दंड करतील. पाणी रोज बदलणार कोण? "एकदा पाणी ठेवलं की ते तिथेच बसून राहतात," असंही एक जण म्हणाले, आणि हे बोलताना स्वतः गेली वीस मिनिटं ते वॉचमनच्या खुर्चीवर बसून होते. सगळ्यात मोठा मुद्दा मात्र पेल्याचा निघाला. पेला चोरीला जाईल. मग साखळी लावा. साखळीचा खर्च कुठल्या हेडखाली टाकायचा?

खरं तर पाणी पाजण्याची या शहराला जुनी हौस. चहूकडे समुद्र आणि प्यायला विहिरी-तळी, अशी इथली तऱ्हा. विहार तलावाचं पाणी आलं ते १८६० साली. पुढे शेठ लोकांनी जागोजागी प्याऊ बांधले. कावसजी जहांगीर रेडीमनींनी शहराला चाळीस पाणपोया दिल्या असं सांगतात. मशीद बंदरला भात बाजारात केशवजी नाईकांचं प्याऊ आहे, डोक्यावर घड्याळाचा मनोरा घेऊन उभं, १८७६ सालचं. जीपीओजवळचं कोठारी प्याऊ १९२३ चं. यातल्या काही ठिकाणी गुरांसाठी खाली वेगळी कुंडी आहे, म्हणजे बैलाचीही सोय बघितलेली. एवढं कोरीवकाम, कशासाठी, तर ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसाने दोन घोट प्यावेत म्हणून. मला हे फार आवडतं. फक्त मग पुढचं आठवतं.

त्याच १९२३ साली, ऑगस्टमध्ये, मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पैशातल्या विहिरी, तळी, पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव मंजूर झाला. दादरला बोले रोड आहे तो याच बोल्यांच्या नावाचा. सिद्धिविनायकाला जाताना आपण त्यावरून हजारदा चालतो आणि पाटी वाचतो ती फक्त पार्किंगची. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन-दोन ठराव, तरी पाणी नाहीच. सोसायटीच्या सभांना बसलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच तळ्यावर गुरं रोज पीत होती, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. माणसं पाणी प्यायली म्हणून तळ्याचं शुद्धीकरण झालं. मामला कोर्टात गेला, आणि हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

साखळीवरून मला लहानपणच्या पाणपोया आठवल्या. लाल फडकं गुंडाळलेला रांजण, लांब दांड्याचं ओगराळं आणि साखळीने बांधलेला पेला. साखळी इतकी आखूड की पेला तोंडाशी येत नसे, आपणच वाकून तोंड पेल्याशी न्यायचं. आम्ही हसायचो, की पाणी फुकट देतात आणि चार आण्याच्या पेल्याला बेड्या घालतात! पण त्या एकाच पेल्याकडे टाय लावलेला कारकून वाकायचा, हमाल वाकायचा, आणि शाळेतून येणारे आम्हीही. आमच्या घरातल्या पेल्याला साखळी नाही. गेली अकरा वर्षं तो तरीही कोपरा सोडून हललेला नाही.

माठ शेवटी आला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींमुळे. "माझ्याकडचा न्या की," म्हणाल्या. "मला आता फ्रीजचंच लागतं, डॉक्टर काहीही म्हणोत." वॉचमनने बदलायचं पाणी अंगावर घेतलं. साखळी नको असं मीच हट्टाने म्हटलं, आणि पेला म्हणून घरातला काचेचा एक ग्लास नेऊन ठेवला. सहातला एक. बायको म्हणाली, सेट मोडला. मोडला खरा.

तिसऱ्या दिवशी ग्लास गायब. सेक्रेटरी काही बोलले नाहीत, फक्त लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून मान हलवली. पुढच्या लिफ्टमध्ये.

आठवडाभर लोक ओंजळीने प्यायले. मग एका सकाळी माठावर स्टीलचा पेला दिसला, जुना, चांगला जाड. त्यावर मशिनने नाव घातलंय. 'चि. सौ. कां.' एवढं वाचता येतं, पुढचं नाव घासून गेलंय. खाली 'संगमेश्वर, ९-५-८७'. बिल्डिंगमध्ये संगमेश्वरचं कुणी नाही. वॉचमनला विचारलं, कुणी ठेवला? तर म्हणाला, "ठाऊक नाही साहेब, पण मी पण त्यातनंच पितो."