सहावीच्या मुलांचा इतिहास तपासताना : माझा अनुभव

नाशिकमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सामाजिक शास्त्रे शिकवते. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात सहावीला 50 गुण आकारिकला, म्हणजे वर्षभर शिकवतानाच्या मूल्यमापनाला, आणि 50 संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी भरपूर साधने दिली आहेत. योजना चांगलीच आहे. पण अनेकदा प्रकल्प म्हणजे दुकानातून काढून आणलेल्या रंगीत प्रिंट आणि तोंडीकाम म्हणजे पाठ केलेल्या सनावळ्या, एवढ्यावरच ती थांबते. मला एकच गोष्ट तपासायची होती. इतिहासातले एखादे विधान मूल करते, ते कशाच्या आधारावर?

सातवाहनांचा पाठ आला आणि आपल्याकडे तर पांडवलेणी घरचीच. तिथे सहलीला जाण्याआधी मी फळ्याशेजारी गुणदानाचे निकष लावले. नुसते विधान केले तर पहिली पायरी, पुरावा सांगितला तर दुसरी, पुराव्यातून विधान कसे निघते ते सांगितले तर तिसरी, आणि पुराव्यालाच प्रश्न विचारला तर चौथी. गुण कशाला मिळणार हे मुलांना आधी कळलेच पाहिजे, याबाबत मी ठाम आहे. ते लपवून ठेवले की मुले बाईंच्या मनातले उत्तर शोधत बसतात.

सहलीबद्दल फार सांगत नाही. पायऱ्या चढताना दंगा झाला, डबे खाल्ले, फोटो झाले. मी छोट्या वहीत फक्त मुलांनी आपणहून विचारलेले प्रश्न टिपत होते. दैनंदिन निरीक्षणाच्या नोंदी त्यातूनच तयार झाल्या.

खरे काम वर्गात परतल्यावर सुरू झाले. क्रमांक 10 च्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याचा सोप्या मराठीतला आशय मी कागदावर दिला आणि पुस्तक उघडे ठेवून चाचणी घेतली. लेखात म्हटले आहे की गोवर्धन या नाशिकजवळच्या गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. प्रश्न एवढाच होता: या लेखावरून त्या काळच्या नाशिकबद्दल काय सांगता येईल?

बऱ्याच जणांनी ‘राजे दानशूर होते’ असे लिहिले. पहिली पायरी. एका मुलीने समासात हिशेब मांडला होता. महिन्याला 20, वर्षाला 240, भागिले 20 भिक्खू, बरोबर 12. खाली तिने लिहिले होते, ‘हिशेब जुळतो, म्हणजे लोकांना व्याज नीट कळत होते, आणि विणकरांवर एवढे पैसे ठेवण्याइतका विश्वास होता.’ ते वाचून मला मनापासून आनंद झाला. तिला तिसरी पायरी दिली आणि तो समास तसाच वर्गाला दाखवला.

तोंडीकाम जोडीजोडीने घेतले. बाकीचे तेव्हा स्वाध्याय करत होते. पट मोठा असला की हाच मार्ग परवडतो. विषय होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले हे कशावरून? क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, त्यात त्याला क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद करणारा म्हटले आहे. लिहायला कंटाळणारा, चाचणीत कायम मागे राहणारा एक मुलगा पटकन म्हणाला, “पण मॅडम, आई तर पोराचं कौतुकच करणार ना!” चौथी पायरी, तीही न शिकवता. मग मी त्याच्यापुढे सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीच्या नाण्याचे चित्र ठेवले. तिथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारला होता. चित्रात राजाच्या चेहऱ्यावर दुसरी चिन्हे उमटलेली स्पष्ट दिसतात. तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, “मग आई खरं बोलत होती. निदान एवढं तरी.” लेखी चाचणीत या मुलाची समज मला कधीच दिसली नसती. म्हणून एकाच साधनावर गुण देणे मला अन्यायाचे वाटते.

राहिल्या वर्णनात्मक नोंदी. मोबाइलवर तयार वाक्यांच्या याद्या फिरतात, ‘अभ्यासात सातत्य आवश्यक’ वगैरे. पटावरच्या प्रत्येकासाठी नवे वाक्य लिहायला वेळ लागतो हे खरे, पण छोटी वही सोबत असली की जमते. त्या मुलाच्या नावापुढे ‘विशेष प्रगती’खाली मी लिहिले: पुरावा कोणी दिला आहे याचा विचार करतो. ‘सुधारणा आवश्यक’खाली: तोंडी मांडलेला मुद्दा दोन ओळींत लिहून काढावा. पालकसभेत त्याच्या वडिलांनी पहिली नोंद वाचून म्हणजे काय ते विचारले. मी त्यांना नाण्याचे चित्र दाखवून सगळे समजावले.

आता नागरिकशास्त्रालाही हेच निकष लावते आहे. स्थानिक शासनाच्या पाठासाठी मुले आपापल्या भागातल्या पाणीपुरवठ्याच्या वेळा नोंदवत आहेत, आणि प्रश्न तोच: कशावरून?