चुनखडीत उरलेला माग

मे महिन्यात नाथसागराचे पाणी मागे सरकू लागले, की पैठण तालुक्यातील आमच्या गावाच्या शिवाराला लागून गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यावर बैल, शेळ्या, बगळे, माणसे यांचे ठसे एकमेकांवर उमटत जातात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमचा एक बैल रात्री दावे तोडून निघून गेला. सकाळी माग काढताना आजोबा एका खुराजवळ उकिडवे बसले, ठशाच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ह्यो आपला न्हाई. कडा वाळून तडकल्यात, ह्यो कालच्या दुपारचा हाय." खुराचा आकार त्यांनी नंतर पाहिला, आधी पाहिली ती मातीची ओल. डायनासोरच्या पाऊलखुणांविषयी गेली काही वर्षे मी जे मिळेल ते वाचतो आहे, आणि या विषयातील उत्तम अभ्यासक नेमके हेच करतात असे माझे ठाम मत झाले आहे. त्यांना प्राण्याइतकाच चिखल वाचावा लागतो.

हाड पुरात वाहून कुठेही जाऊ शकते. ठसा मात्र प्राणी जिथे चालला तिथेच राहतो. तो चुनखडीत टिकण्यासाठी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. उथळ समुद्राच्या काठी किंवा खाजणात चुन्याचा बारीक गाळ साचतो आणि पाणी ओसरल्यावर उघडा पडतो. तो फार पातळ असेल तर पाय उचलताच कडा आत ढासळतात, फार सुकलेला असेल तर ठसा उमटतच नाही. मळलेल्या कणकेसारखा असेल तेव्हाच बोटे आणि नख्या नीट उठतात आणि दाबला गेलेला गाळ ठशाभोवती वरंब्यासारखा उभा राहतो. त्यानंतर ऊन लागून तो घट्ट व्हावा लागतो, पाण्यात विरघळलेल्या चुन्याने त्याचे कण सांधले जावे लागतात आणि त्यावर निराळ्या पोताचा थर, म्हणजे समजा चिकणमाती, हळुवारपणे पसरावा लागतो. दोन थर निराळे असले, तरच कोट्यवधी वर्षांनी ते एकमेकांपासून सुटे होतात.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात डुअर्स फार्म नावाची चुनखडीची खाण आहे. तिथे यंत्राने वरची चिकणमाती काढताना एका कामगाराला जमिनीत ठरावीक अंतराने उंचवटे जाणवले आणि त्याने ते दुर्लक्षित केले नाहीत, याबद्दल मला त्या माणसाविषयी फार आदर वाटतो. जून 2024 मध्ये ऑक्सफर्ड आणि बर्मिंगहॅम विद्यापीठांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक लोकांनी तिथे सुमारे 200 ठसे मोकळे केले. सुमारे 16.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे पाच माग आहेत; त्यांतील चार लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे आहेत आणि पाचवा मेगालोसॉरस या मांसाहारी प्राण्याचा आहे. सर्वांत लांब माग 150 मीटरांहून अधिक जातो. संशोधकांनी 20,000 पेक्षा जास्त छायाचित्रे घेतली, कारण अशा छायाचित्रांवरून संगणकावर ठशाची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते आणि मूळ दगड झिजला तरी त्याची खोली, उतार आणि कडा पुन्हा पुन्हा मोजता येतात.

मागावरून चालण्याचा वेगही काढता येतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी 1976 मध्ये त्यासाठी सूत्र मांडले. पावलाच्या लांबीची साधारण चौपट म्हणजे कमरेची उंची, आणि एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधील अंतर म्हणजे ढांग; या दोन मापांवरून वेग निघतो. पाऊल 50 सेंटिमीटर आणि ढांग 3 मीटर असेल, तर कमर 2 मीटर उंच ठरते आणि वेग ताशी 8 किलोमीटरच्या आत येतो, म्हणजे तो प्राणी चालत होता, धावत नव्हता. मात्र पाय चिखलात घसरला असेल तर पावलाची लांबीच चुकते आणि पुढचे सगळे गणित फसते.

चिखल न वाचल्याने काय होते, हे अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्लेन रोझजवळच्या पॅलक्सी नदीपात्रात दिसले. तेथील सुमारे 11.3 कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत काही लांबट ठसे आहेत आणि ते माणसाचे असल्याचा समज कित्येक दशके टिकून होता. डायनासोर तिथे टाचेकडचा भागही टेकवून चालले होते आणि बोटांच्या खाचा गाळाने भरून गेल्या होत्या, एवढाच तो प्रकार होता. अभ्यासक ग्लेन क्यूबन यांनी 1980 च्या दशकात ठशांतील रंगाचा आणि पोताचा फरक बारकाईने नोंदवून ते दाखवून दिले. 2022 च्या दुष्काळात हे पात्र आटले आणि एरवी पाण्यागाळाखाली असणारे कितीतरी ठसे वर आले. त्याची छायाचित्रे पाहताना मला आमचा मे महिन्यातला नाथसागरच दिसत होता.

आमच्या मराठवाड्यात असे ठसे का नाहीत, असे मुले विचारतात. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे, आणि तप्त लाव्हावर कोणी पाऊल ठेवत नाही. पूर्वेकडे चंद्रपूर जिल्ह्यात लाव्हाखालचे जुने थर उघडे पडले आहेत; तिथे पिसदुरा आणि डोंगरगाव येथे डायनासोरची हाडे मिळाली आहेत आणि पिसदुऱ्याला तर त्या काळातील प्राण्यांची अश्मीभूत विष्ठाही मिळाली आहे.

गेल्या मे महिन्यात मी गाळात उमटलेला बैलाचा एक ठसा खाली वीतभर मातीसकट खुरप्याने कापून घरी आणला आणि सावलीत आठवडाभर सुकू दिला. बाजूने पाहिले तर गाळाचे पातळ थर खुराखाली दुरडीसारखे वाकलेले दिसत होते. वरचा थर सुरीने अलगद काढला. दुसऱ्या थरावर खुराच्या दोन फाकांमधली रेघ पुसट झाली होती, आणि चौथ्या थरावर नुसता गोल, उथळ खळगा होता. चुनखडीवरचा वरचा थर झिजून गेला, तर अभ्यासकाच्या हाती येतो तो असाच खालच्या थराचा खळगा, आणि त्यावरून प्राणी ओळखताना आपण कितवा थर पाहतो आहोत हे त्याला आधी ठरवावे लागते. त्या ढेकळाचे चारही थर मी क्रमांक घालून खोक्यात ठेवले आहेत. शाळेतील मुले आली की आधी चौथा थर हातात देतो आणि हा कोणाचा पाय आहे, असे विचारतो.